गरोदरपणात लस घ्यायची म्हटलं की पाय नेमका कुठे अडतो?

निर्झरा

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांशी लसींबद्दल बोलणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यातली एक गोष्ट मला सतत छळते, म्हणून हा धागा काढतेय. जिने पहिल्या मुलाची एकही लस चुकवली नाही, तीच बाई दुसऱ्यांदा दिवस राहिले की स्वतःच्या लसीच्या नावाने बिचकते. तिला 'लसविरोधक' म्हणून मोकळं होता येतं, पण ते खरं नाही आणि तिच्यावर अन्याय करणारंही आहे.

तिच्या बिचकण्यामागे एक हिशोब असतो. लस घेतली आणि नंतर काही बरंवाईट झालं, तर ते 'मी केलं'. लस घेतली नाही आणि आजार झाला, तर ते 'झालं'. दोन्हीकडे नुकसान तेच असलं तरी बोल फक्त पहिल्यात लागतो, आणि तो लागतो तिलाच. घरच्यांचा लागतो, त्याहून जास्त तिचा स्वतःचा लागतो. शिवाय दिवस राहिल्यापासून तिने एकच ऐकलेलं असतं: हे घेऊ नको, ते टाळ, डोकं दुखलं तरी विचारल्याशिवाय गोळी नको, एक्स-रे नको. महिनोन्महिने नको-नको ऐकलेल्या बाईला एक दिवस कुणीतरी म्हणतं, बाही वर करा. ती थबकणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे थबकणं हा दोष नाही. त्या क्षणी तिच्याशी कोण बोलतं, किती वेळ देतं आणि खरं बोलतं का, यावर पुढचं सगळं ठरतं. तुमचे अनुभव आणि शंका मोकळेपणाने लिहा. कुणी घाबरत असेल तर तिला इथे कुणी नावं ठेवू नका, ही कळकळीची विनंती.


चौकस

महत्त्वाचा विषय. या भीतीला इतिहास आहे, तो आधी मांडतो.

थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली बाजारात आलं आणि गरोदर बायकांना मळमळीवर सर्रास दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली, म्हणून तिथली बरीच मुलं वाचली. यातून घ्यायचा धडा होता की औषध गरोदर बायकांना देण्याआधी नीट तपासा. व्यवहारात घेतला गेला तो वेगळाच, की गरोदर बायकांना चाचण्यांत घेऊच नका. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर मूल होऊ शकेल अशा वयाच्या सगळ्याच बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा असं सांगितलं. ते धोरण १९९३ मध्ये मागे घेतलं गेलं.

गरोदर बायकांना वगळण्याची सवय मात्र राहिली. २०२० मध्ये कोविडच्या लसींच्या मोठ्या चाचण्या झाल्या त्यांत गरोदर आणि स्तनदा माता नव्हत्या. मग जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना म्हणाली, जास्त धोका असल्याशिवाय गरोदर स्त्रियांना देऊ नका. त्याच सुमारास अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था म्हणत होती, घ्यायची असेल तर घेऊ शकता. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने शब्द बदलले. ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी दार उघडलं, भारताने स्तनदा मातांसाठी मे महिन्यात आणि गरोदर स्त्रियांसाठी जुलैमध्ये, आणि अमेरिकेची निःसंदिग्ध शिफारस आली ऑगस्टमध्ये. ज्या बाईचे नऊ महिने नेमके याच काळात गेले तिने कुणाचं ऐकायचं होतं?

थांबण्याची किंमतही मोजली गेली. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर इंग्लंडमध्ये कोविडमुळे हृदय-फुप्फुसाच्या कृत्रिम यंत्रावर ठेवाव्या लागलेल्या रुग्णांत पाचातली एक लस न घेतलेली गरोदर स्त्री होती. स्कॉटलंडच्या नोंदींत कोविडमुळे अतिदक्षता विभागात गेलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ९८ टक्के जणींचं लसीकरण झालेलं नव्हतं.


आभा_स

निर्झराताई, तुम्ही लिहिलेला तो हिशोब वाचून वाटलं, माझ्याबद्दलच लिहिलंय. मला सहावा महिना सुरू आहे. डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घ्यायला सांगितली आहे. मी विचारलं की आता गरोदरपणातच का, नंतर घेतली तर चालणार नाही का? उत्तर मिळालं, "सगळ्याच घेतात, तुम्हीही घ्या." पुढचा पेशंट आत आला आणि माझं बोलणं संपलं. मी लस न घेता घरी आले. राग लसीवर नव्हता, पण पाय पुढे पडला नाही खरा.

त्यात एका मैत्रिणीने जुना मेसेज पाठवला. पहिल्या महिन्यांत कोविडची लस घेतलेल्यांपैकी ८२ टक्के बायकांचे गर्भपात झाले, मोठ्या वैद्यकीय नियतकालिकातच छापून आलंय, असा. मला कोविडची लस घ्यायची नाहीये, पण ते वाचल्यापासून सगळ्याच लसींबद्दल मनात किडा वळवळतोय. हे खोटं असेल तर मोठ्या नियतकालिकाचं नाव कसं काय?


अंकगणिती

आभा, याचं उत्तर नीट देतो, कारण हा आकडा निव्वळ थाप नाही. खऱ्या आकड्यांची चुकीची वजाबाकी आहे, म्हणूनच तो इतका टिकला.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२१ साली अमेरिकेतल्या नोंदींवरून एक लेख आला. डिसेंबर २०२० च्या मध्यापासून फेब्रुवारी २०२१ च्या अखेरपर्यंतचा काळ. नोंदणीत ३,९५८ गरोदर स्त्रिया होत्या. त्यांपैकी ८२७ जणींची गर्भधारणा त्या काळात 'पूर्ण' झाली, म्हणजे बाळ जन्मलं किंवा गर्भ गेला. या ८२७ पैकी १०४ नैसर्गिक गर्भपात होते आणि ७०० जणींनी लस शेवटच्या तिमाहीत घेतली होती. कुणीतरी ८२७ मधून ७०० वजा केले, उरले १२७. मग १०४ भागिले १२७, म्हणजे ८२ टक्के.

आता काळ पाहा. सगळा अभ्यास अडीच महिन्यांचा. जिने तिसऱ्या महिन्यात लस घेतली आणि जिचं सगळं सुरळीत चाललं होतं, तिचं बाळंतपण त्या अडीच महिन्यांत होणं शक्यच नव्हतं. ती अजून गरोदर होती, म्हणून 'पूर्ण' झालेल्यांत मोजलीच गेली नाही. अशा हजारो जणी होत्या. लवकर लस घेतलेल्यांपैकी ८२७ मध्ये आल्या त्या जवळपास फक्त दुर्दैवाने गर्भ गेलेल्याच. तीन तासांच्या परीक्षेत पहिल्या अर्ध्या तासात उठून गेलेल्यांचेच पेपर तपासायचे आणि वर्गातले बहुतेक नापास झाले म्हणायचं, असा हा प्रकार. लेखातल्या तक्त्याचीही पुढे दुरुस्ती झाली.

बरोबर प्रश्न विचारून त्याच वर्षी पुन्हा हिशोब केला गेला. गर्भधारणेच्या आधी किंवा विसाव्या आठवड्याच्या आत लस घेतलेल्या २,४५६ जणी. गर्भपाताचा धोका निघाला १४.१ टक्के, वयाचा फरक जमेस धरल्यावर १२.८. लस नसतानाही कळून आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के नैसर्गिकपणे जातात. म्हणजे लसीमुळे वाढ दिसली नाही.

आणखी एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. गर्भपात मुळातच इतके होतात की हजारो बायकांना काहीही दिलं, तरी काहींच्या बाबतीत पुढच्या आठवड्यात गर्भ जाणारच. जिचा गेला तिला कारण हवं असतं आणि दंडावरची टोच सगळ्यात जवळची असते. तिला मूर्ख म्हणू नये. तिचं दुःख खरंच असतं, कारण तेवढं चुकीचं जोडलेलं असतं.


आभा_स

मनापासून आभार. इतके दिवस कुणी एवढं बसून सांगितलं नव्हतं. कोविडचा मेसेज कळला. पण माझा मूळचा प्रश्न राहिलाच. डांग्या खोकला बाळाला होऊ नये म्हणून आहे ना, मग बाळालाच द्या की. मला का?


धात्री

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. आभा, तू विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे.

बाळाची डांग्या खोकल्याची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, आणि एका डोसने पुरतं संरक्षण मिळत नाही. डांग्या खोकला सगळ्यात घातक असतो तो नेमका पहिल्या तीन महिन्यांत. इतक्या लहान बाळाला कधी कधी खोकलाही येत नाही. ते दूध ओढताना थांबतं, श्वास थांबतो, ओठ निळे पडतात, आणि काही क्षणांनी पुन्हा श्वास घेतं. आईला वाटतं ठसका लागला. पाहणाऱ्याने एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

या मधल्या रिकाम्या काळासाठी गरोदरपणातली लस आहे. तू लस घेतलीस की साधारण दोन आठवड्यांत तुझ्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, भरपूर वाढतात. त्यांपैकी आयजीजी नावाची प्रतिपिंडं वारेतून (प्लेसेंटातून) पलीकडे बाळाकडे जातात, नुसती झिरपत नाहीत. वारेत त्यांना धरून पलीकडे सोडणारे खास ग्राही असतात. हे काम चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं आणि शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जोरात चालतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात काही वेळा आईपेक्षाही जास्त प्रतिपिंडं सापडतात. म्हणून अमेरिकेत २७ ते ३६ आठवड्यांत ही लस घ्यायला सांगतात, ब्रिटनमध्ये १६ व्या आठवड्यापासून देतात. लस जिवंत जंतूंची नाही. आईच्या अंगातली प्रतिपिंडं महिन्यागणिक उतरत जातात, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यावी लागते.

तू बाळंतपणानंतर घेतलीस तर तू स्वतः बाळाला खोकला द्यायची शक्यता कमी होईल, पण वारेची वाट तोवर बंद झालेली असेल.

ब्रिटनचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१२ मध्ये डांग्या खोकल्याची साथ आली, १४ तान्ही बाळं गेली. त्या ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना लस देणं सुरू झालं आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत आजार टाळण्याचा परिणाम ९० टक्क्यांच्या आसपास दिसला. पुढे लस घेणाऱ्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलं, मग घसरत साठच्या खाली आलं. २०२४ मध्ये पुन्हा साथ आली आणि इंग्लंडमध्ये ११ बाळं दगावली.


सडेतोड

माझं मत पटणार नाही कदाचित, पण लिहितो. माझ्या आईच्या वेळी यातलं काही नव्हतं, आम्ही भावंडं ठणठणीत आहोत. शरीर निसर्गाने बनवलंय, गरोदरपण हा आजार नाही. त्यात अॅल्युमिनियम आणि पारा कशाला घालायचा? बायकोला मी हेच सांगितलं. मला खरंच काळजी वाटते म्हणून विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही.


धात्री

सडेतोड, काळजीने विचारताय तर उत्तरही तसंच देते.

तुमच्या आईच्या वेळी काही नव्हतं हे बहुधा खरं नसावं. धनुर्वाताची लस गरोदर बायकांना कित्येक दशकं दिली जातेय. तिच्याबद्दल आज कुणी फारसं विचारत नाही इतकी ती अंगवळणी पडली आहे. १९८८ साली जगात नवजात बाळांच्या धनुर्वाताने अंदाजे ७ लाख ८७ हजार बाळं गेली, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. २०१८ मध्ये हा आकडा साधारण २५ हजारांवर आला. स्वच्छ बाळंतपणाचा त्यात मोठा वाटा आहे, आईच्या लसीचाही. जी बाळं गेली, त्यांच्यापैकी कुणी आज 'आम्ही ठणठणीत आहोत' असं लिहायला नाही.

अॅल्युमिनियमचा क्षार काही लसींत प्रतिसाद वाढवण्यासाठी असतो, एका डोसात एक मिलिग्रॅमच्याही आत. तो पाण्यात, अन्नात आणि आईच्या दुधातही सूक्ष्म प्रमाणात असतोच. पाऱ्याचं संयुग, थायोमर्सल, प्रामुख्याने अनेक डोसांच्या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून वापरतात, एका डोसाच्या सिरिंजमध्ये सहसा नसतं. माशांत साठणारा घातक पारा वेगळ्या प्रकारचा. लसीतला शरीरातून लवकर बाहेर पडतो. तरी मन मानत नसेल तर एका डोसाची सिरिंज मिळेल का असं विचारा. त्यात संकोच कसला?

आणि गरोदरपण आजार नाही हे अगदी मान्य. पण या काळात फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर ताण असतो, प्रतिकारशक्तीचा नूर बदललेला असतो. २००९ च्या एचवनएनवन (स्वाइन फ्लू) साथीत अमेरिकेतल्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया एक टक्क्याच्या आसपास होत्या, मृत्यूंमध्ये मात्र पाच टक्के. फ्लूला साधी सर्दी समजणं या काळात परवडत नाही.


चौकस

फ्लूत आणखी एक भर. बांगलादेशात झालेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले, गरोदरपणी फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्के कमी झाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्यामुळे हे महत्त्वाचं.


वाटसरू

अफवांबद्दल थोडं वेगळं म्हणायचं आहे. अफवा आकाशातून पडत नाही.

२०१४ मध्ये केनियात धनुर्वाताच्या लसीबद्दल मोठा वाद झाला. तिथल्या कॅथॉलिक बिशपांनी आरोप केला की या लसीत एचसीजी हे गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक घालून बायकांना वांझ केलं जातंय. नव्वदच्या दशकात मेक्सिको, फिलिपीन्समध्येही हीच आवई उठली होती. आवई खोटी, पण तिचं मूळ कुठे आहे पाहा. गर्भधारणा रोखणारी लस बनवण्याचं संशोधन खरोखर झालं होतं आणि त्यात एचसीजीचा तुकडा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे लसीत वापरतात त्या निष्प्रभ केलेल्या विषाला, जोडला जात असे. ते वेगळं उत्पादन, वेगळ्या प्रयोगांत. धनुर्वाताच्या नेहमीच्या लसीशी त्याचा संबंध नव्हता. पण जिथे बायकांच्या शरीरावर त्यांना न विचारता लोकसंख्येचे प्रयोग झाल्याच्या आठवणी आहेत, तिथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळायला कितीसा वेळ लागणार? लस फक्त बाळंतपणाच्या वयातल्या बायकांनाच का, पुरुषांना का नाही, या साध्या प्रश्नाचं उत्तर वेळेवर दिलं गेलं नाही, तिथे अफवेने दिलं.

डिसेंबर २०२० मध्ये सिन्सिटिनची आवई उठली तीही अशीच. वार तयार व्हायला लागणारं सिन्सिटिन-१ हे प्रथिन आणि कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरचं काट्यासारखं (स्पाइक) प्रथिन सारखं आहे, म्हणून लस घेतल्यावर शरीर वारेवरच हल्ला करील, असं सांगितलं गेलं. दोन्हींतलं साम्य अगदी नगण्य. आणि तसं असतं तर कोविड झालेल्या बायकांना दिवसच राहिले नसते. पण ऐकायला शास्त्रीय वाटलं, म्हणून पसरलं.

माझं म्हणणं, 'अडाणी लोक' म्हणून हे झटकू नका. अविश्वासालाही अनुभव असतो.


निर्झरा

वाटसरू, शंभर टक्के अनुमोदन. मी यात एक जोडते. लस घेणाऱ्या बायका आणि न घेणाऱ्या बायका यांची तुलना करणारे अभ्यास अनेक देशांत झाले, आणि जवळजवळ सगळीकडे एकच गोष्ट वर येते: जिला तिच्या स्वतःच्या डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने नीट सांगितलं आणि तिथेच लस देऊ केली, तिने घेण्याची शक्यता कितीतरी जास्त. पत्रकं, फलक, फोनवरचे संदेश यांचा नंबर त्याच्या बराच मागे. 'दुसऱ्या केंद्रात जा, तिथे मिळेल' असं सांगितलं की निम्मी हवा तिथेच जाते. पोट सांभाळत दुसरीकडे जाऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं, पहिलं मूल कुणाकडे सोपवायचं, रजा कशी काढायची, हे सगळं आपण 'लसीबद्दलची उदासीनता' या खात्यात टाकतो. ती उदासीनता नसतेच.


ओवीची_आई

मी स्तनपानाच्या बाजूने विचारते. धाग्यात त्याबद्दल कमी आलंय. बाळंतपणानंतर मला रुबेलाची प्रतिकारशक्ती नाही म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिली. घरी आल्यावर दोघातिघांनी सांगितलं, दूध पिळून टाकून दे, जिवंत जंतूंची लस आहे. मी दिवसभर रडत होते. आधीच दूध नीट उतरत नव्हतं. हे टाकायला सांगणं बरोबर होतं का?


धात्री

नाही, अजिबात गरज नव्हती. तुमच्या त्या दिवसाबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण असं होणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

ही लस गरोदरपणात देत नाहीत, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची आहे म्हणून. घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत असंही सांगतात. हे सावधगिरीचं आहे. नकळत गरोदरपणी रुबेलाची लस घेतलेल्या स्त्रियांची अमेरिकेत १९७१ ते १९८९ नोंद ठेवली गेली, त्यांच्या बाळांत रुबेलाची जन्मजात व्यंगं आढळली नाहीत. खऱ्या रुबेलाची गोष्ट वेगळी. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञांनी १९४१ मध्ये बाळांच्या मोतीबिंदूचा संबंध आईच्या रुबेलाशी दाखवला. १९६४-६५ च्या अमेरिकेतल्या साथीत सुमारे २० हजार बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. पुढच्या गरोदरपणाआधी संरक्षण मिळावं म्हणून बाळंतपणानंतर लगेच ही लस देतात, आणि अंगावर पाजत असताना ती चालते.

जवळजवळ सगळ्याच लसी पाजणाऱ्या आईला चालतात. अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे तो पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचा. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये आईने ही लस घेतल्यानंतर तान्ह्या बाळाला मेंदूज्वर झाला आणि बाळात लसीतलाच विषाणू सापडला. त्यामुळे लहान बाळ पाजत असाल आणि पीतज्वराच्या भागात जायची वेळ आली, तर आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक.

कोविडच्या एमआरएनए लसीबद्दलही खरं ते सांगते. पहिल्या छोट्या तपासणीत दुधात काहीच सापडलं नव्हतं. २०२२ मधल्या दुसऱ्या तपासणीत ११ पैकी ५ मातांच्या दुधात पहिल्या दोन दिवसांत लसीतल्या एमआरएनएचा (विषाणूचं प्रथिन बनवण्याचा संदेश पेशींना देणाऱ्या रेणूचा) अत्यल्प अंश सापडला. बाळाच्या पोटातल्या पचनापुढे तो टिकण्याची शक्यता नगण्य, म्हणून पाजणं थांबवायला सांगत नाहीत. दुधातून उलट आयजीए प्रतिपिंडं बाळाला मिळतात.


ओवीची_आई

११ पैकी ५ हे तुम्ही लपवलं नाहीत, म्हणून बाकीच्यावरही विश्वास बसला. धन्यवाद.


चौकस

ओवीच्या आईने न लपवण्याबद्दल लिहिलं त्यावरून आठवलं. आरएसव्हीच्या लसीची गोष्ट लोकांना सांगायला हवी. हा विषाणू तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना फार त्रास देतो. दोन कंपन्या गरोदर स्त्रियांसाठी लस बनवत होत्या. जीएसकेच्या चाचणीत लस घेतलेल्या गटात अकाली प्रसूती ६.८ टक्के आणि नुसतं औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांत ४.९ टक्के दिसल्या. कंपनीने २०२२ मध्ये ती चाचणी थांबवली, गरोदर स्त्रियांसाठी ती लस पुढे आलीच नाही. फायझरच्या लसीने जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळांचा गंभीर आजार ८१.८ टक्के टाळला. अमेरिकेत २०२३ मध्ये तिला परवानगी देताना अकाली प्रसूतीचा विचार करूनच ३२ ते ३६ आठवडे ही मुदत ठेवली.

मला तर हे वाचून धीर आला. पाहणारे डोळे आहेत, आणि दोन टक्क्यांचा फरक दिसला तरी थांबवतात.


सडेतोड

मला हे माहीत नव्हतं. थांबवलेल्या चाचणीचं कुणी बोलत नाही, फक्त 'सुरक्षित आहे, घ्या' एवढंच म्हणतात, त्यामुळे संशय वाढतो. अजून पूर्ण पटलंय असं नाही. बायकोशी पुन्हा बोलतो. तिचं तिला ठरवू दे.


मनवा

शेवटचं वाक्य फार आवडलं. नवऱ्यांनी, घरातल्या मोठ्यांनी एक करावं, बाळ यायच्या आधी स्वतःच्या लसी बघाव्यात. बाळाला डांग्या खोकला बऱ्याचदा घरातल्याच माणसाकडून लागतो.


आभा_स

सगळं दोनदा वाचलं. डांग्या खोकल्याची लस घेणार आहे, ठरलं. यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेते आणि उत्तरं मिळाल्याशिवाय उठत नाही. फ्लूचं अजून मन होत नाहीये, दोन्ही एकदम नकोत असं वाटतं. दोन शंका राहिल्या. ताप आला तर गोळी घेऊ का? आणि लस घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आतच बाळंत झाले तर?


धात्री

आभा, दोन्ही लसी एकाच दिवशी दोन दंडांवर चालतात. पण वेगवेगळ्या दिवशी घेतल्यास तरी बिघडत नाही. फ्लूची साथ सुरू व्हायच्या आत घे, एवढं बघ. गरोदरपणात ती कुठल्याही महिन्यात चालते.

दंड दुखेल, थोडी सूज, थकवा, एखाद दिवस कणकण येऊ शकते. ताप आला तर अंगावर काढू नकोस. पॅरासिटामॉल गरोदरपणात चालतं, तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घे. ताप दोन दिवसांपेक्षा टिकला, पोटात दुखलं, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लसीमुळे असेल म्हणून घरी थांबू नकोस, लगेच दाखव. याआधी कुठल्या लसीनंतर तीव्र अॅलर्जी झाली असेल तर ते टोचण्याआधी सांग.

लवकर बाळंत झालीस तर बाळाला प्रतिपिंडं कमी मिळतील, पण काहीतरी मिळतीलच, आणि तुझ्याकडून त्याला खोकला लागायची शक्यताही घटेल. तशा वेळी खोकणाऱ्या कुणालाही बाळाजवळ येऊ देऊ नकोस, मग ते कितीही जवळचं माणूस असो, आणि बाळाची पहिली लस एक दिवसही पुढे ढकलू नकोस. लस घेतल्याची तारीख तुझ्या तपासणीच्या कार्डावर लिहून घे. बाळंतपण दुसरीकडे झालं तर तिथल्या लोकांना ती लागेल.